बाळाचे पांघरूण : ऊब हवी, ओझे नको

नोव्हेंबर सरत आला की टिटवाळ्याच्या हवेत फरक पडतो. मुंबईत अजून पंखे फिरत असतात, पण कसारा लोकलने शहाड आणि आंबिवली मागे टाकले की दारातून येणारा वारा अंगाला झोंबू लागतो. काळू नदीच्या बाजूच्या वस्त्यांमध्ये फजरला उठणाऱ्यांना आधी शाल शोधावी लागते. अशा दिवसांत घरात नवे बाळ आले असेल, तर अकीक्याला येणारे निम्मे पाहुणे एकच वस्तू घेऊन येतात. चेनच्या प्लास्टिक पिशवीत घडी घातलेले, फुले किंवा अस्वल छापलेले, हात लावताच बोटे रुतावीत असे मऊ ब्लँकेट. चाळीस दिवस पुरे होईपर्यंत कपाटात अशी चार-पाच ब्लँकेटे साठतात.

मग प्रश्न येतो, यातले कोणते बाळाला रात्री पांघरायचे? आमचे उत्तर अनेक घरांत नवल वाटेल असे आहे. बाळ एक वर्षाचे होईपर्यंत, रात्रीच्या झोपेत, यातले कोणतेच नाही. ऊब मात्र बाळाला पुरेपूर मिळाली पाहिजे. या दोन्ही गोष्टी एका वेळी कशा साधायच्या, ते या महिन्यात पाहू.

बाळ लवकर का गारठते

नऊ महिने बाळ आईच्या पोटात, आईच्या अंगाच्या उबेत असते. जन्मताच ते ओल्या अंगाने गार खोलीत येते. अंगावरचे पाणी वाळताना उष्णता घेऊन जाते. वजनाच्या मानाने बाळाची त्वचा मोठ्या माणसापेक्षा खूप जास्त असते, म्हणून ऊब बाहेर पडायला वाटही मोठी. आपल्याला थंडी वाजली की अंग थरथरते आणि त्यातून ऊब तयार होते. नवजात बाळाला हे जमत नाही. त्याच्या मानेपाशी, खांद्यांच्या मध्ये आणि मूत्रपिंडांभोवती खास तपकिरी चरबी असते, ती जाळून ते स्वतःला उबदार ठेवते. कमी दिवसांच्या किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाकडे ही चरबी फार थोडी असते. शिवाय जी शक्ती वजन वाढण्यासाठी लागायची, ती अंग तापवण्यात खर्च होते. गारठलेले बाळ सुस्तावते, दूध ओढत नाही, आणि दूध कमी गेल्याने आणखी गारठते.

नवजात बाळाच्या अंगाचे तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जन्मल्याबरोबर बाळाला कोरडे करावे, आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून दोघांना झाकावे आणि पहिली आंघोळ किमान 24 तासांनी घालावी, असाही तिचा सल्ला आहे. आपल्या घरांत बाळाच्या कानात अजान देण्याची घाई असते, ती योग्यच आहे. पण त्यासाठी बाळाला उघडे करावे लागत नाही. गुंडाळलेल्या बाळाच्या कानातही अजान तितकीच पोहोचते.

सातव्या दिवशी अकीका होतो, डोके भादरले जाते. बाळाच्या शरीरात डोक्याचा वाटा मोठा असतो, आणि जावळ काढले की तिथून ऊब भराभर जाते. डिसेंबर-जानेवारीत अकीका असेल तर मुंडण उन्हे वर आल्यावर करावे, डोके लगेच पुसून कोरडे करावे आणि सुती टोपडे घालावे. टोपडे डोक्याला नीट बसणारे हवे. डोळ्यांवर घसरून नाकापर्यंत येणारे नको.

पांघरुणाची दुसरी बाजू

पांघरूण घालणे ही आपल्याकडे मायेची खूण आहे. हिराच्या गुहेत पहिला संदेश उतरला आणि प्रेषित मुहम्मद (स.) थरथरत घरी परतले, तेव्हा घरच्यांनी त्यांना पांघरूण घातले आणि हजरत खदीजा (रजि.) यांनी धीर दिला. कुरआनातील 73 व्या आणि 74 व्या सूरहची नावेच पांघरूण घेतलेल्या व्यक्तीवरून आली आहेत. त्यामुळे दादी किंवा नानी बाळाच्या अंगावर आणखी एक रजई ओढते, तेव्हा त्यामागे प्रेमच असते.

मोठ्या माणसाच्या तोंडावर पांघरूण आले तर तो झोपेतही ते बाजूला सारतो. तीन महिन्यांच्या बाळाला हे करता येत नाही. हात-पाय हलवताना जड ब्लँकेट वर सरकते, नाकातोंडावर येते. त्याखाली बाळ आपणच सोडलेला श्वास पुन्हा पुन्हा घेत राहते. ते रडतही नाही, म्हणून शेजारी झोपलेल्या आईला काही कळत नाही. अंग फार तापणे हाही धोका आहेच. झोपेत अचानक होणाऱ्या बाळांच्या मृत्यूंमध्ये सैल पांघरूण, मऊ गादी, उशी आणि जास्त ऊब ही कारणे पुन्हा पुन्हा दिसून आली आहेत.

ब्रिटनमध्ये 1991 साली आणि अमेरिकेत 1994 साली बाळाला पाठीवर झोपवण्याची मोठी मोहीम सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत दोन्ही देशांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. औषध नाही, यंत्र नाही, फक्त झोपवण्याची पद्धत बदलली. आपल्याकडे बाळाला पाठीवर झोपवण्याची रीत जुनीच आहे, ही चांगली गोष्ट. पण त्यासोबत डोके गोल व्हावे म्हणून राईची उशी, दोन्ही बाजूंना लोड आणि वर ब्लँकेट, असा थाटही आपण करतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 साली आपला सल्ला पुन्हा मांडला. झोपण्याची जागा सपाट आणि घट्ट असावी, बाळ दर वेळी पाठीवर असावे, जवळ उशी, लोड, खेळणे किंवा सैल पांघरूण काहीही नसावे, आणि बाळ आई-वडिलांच्याच खोलीत, पण आपल्या वेगळ्या जागेवर झोपावे. वजनदार, आत दाणे भरलेली ब्लँकेटे तर बाळाला मुळीच नकोत, असेही त्यात आहे.

गडचिरोलीने काय दाखवले

हे सगळे परदेशातल्या मोठ्या घरांसाठी ठीक, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्याच राज्यातले उदाहरण पाहू. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1990 च्या दशकात 39 गावांमध्ये नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना त्यांनी तयार केले. त्या बाळंतिणीच्या घरी जात, बाळाचे वजन करत, तापमान मोजत, श्वास मोजत. गारठलेल्या आणि कमी वजनाच्या बाळासाठी त्यांच्याजवळ जाड ब्लँकेटांचा ढीग नव्हता. बाळाला कोरडे ठेवणे, कपडे आणि टोपडे घालणे, आईजवळ ठेवून वारंवार अंगावर पाजणे आणि उबदार पिशवीत ठेवणे, एवढीच साधने. जंतुसंसर्गावरच्या औषधासह या सगळ्या काळजीमुळे तिथले नवजात बालमृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

याच अनुभवाचा आधार घेऊन 2011 पासून देशभर आशाताई नवजात बाळाच्या घरी येऊ लागल्या. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. आशाताई दारात आल्या की त्यांना चहापुरते बसवून परत पाठवू नये. बाळाचे कपडे आणि अंथरूण-पांघरूण त्यांना दाखवावे, प्रश्न विचारावेत.

गडचिरोलीच्या त्या उबदार पिशवीतच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. ऊब बाळाच्या अंगाला धरून असावी, अंगावर सैल पडलेली नसावी. बाळ जे घालते ते सरकत नाही. बाळावर जे टाकतो ते सरकते.

मग रात्री काय घालावे

सोपा हिशेब असा. त्या खोलीत आपल्याला जितके कपडे पुरतात, त्याहून बाळाला एक थर जास्त. थंडीच्या रात्री आत बाह्यांचे सुती झबले, पायांत पायजमा आणि मोजे, वर बंद गळ्याचा जाडसर सुती किंवा फ्लॅनेलचा अंगरखा, एवढे बहुतेक घरांत पुरते. त्याहून थंडी असेल तर बाळाची झोपायची पिशवी घ्यावी. ती बिनबाह्यांची असावी, तिला टोपी नसावी, खांद्यावर घट्ट बसावी आणि गळा इतकाच असावा की बाळाचे डोके आत जाणार नाही. पाय हलवायला खाली भरपूर जागा असावी. अशी पिशवी शिवायला अवघड नाही. मोहल्ल्यातला कोणताही टेलर जुन्या मऊ चादरीची शिवून देईल.

पिशवी नसेल आणि पांघरूण घालणे भागच असेल, तर एकच पातळ सुती चादर घ्यावी. ब्रिटनमध्ये सांगितली जाणारी पद्धत आपल्याकडेही चालते. बाळाचे पाय अंथरुणाच्या पायथ्याला टेकतील असे त्याला झोपवावे, चादर फक्त छातीपर्यंत, बाळाच्या काखेखाली आणावी आणि तिन्ही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचावी. हात बाहेर राहू द्यावेत. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, चादरीची दुहेरी घडी म्हणजे दोन चादरी.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाला दुपट्यात गुंडाळण्याची आपली रीत आहे. गुंडाळल्याने बाळ दचकून उठत नाही. फक्त ते घट्ट कुठे करायचे आणि सैल कुठे सोडायचे, हे कळले पाहिजे. पाय सरळ व्हावेत म्हणून काही घरांत दोन्ही पाय ओढून, जुळवून बांधतात. यामुळे बाळाच्या खुब्याचा सांधा जागेवरून सरकू शकतो. पाय बेडकासारखे दुमडून बाजूला पसरता आले पाहिजेत. छातीपाशी आपली दोन बोटे आत जातील इतकी ढील असावी. दुपटे खांद्यांच्या वर नसावे. आणि बाळ कुशीवर वळण्याची धडपड करू लागले की त्याच दिवसापासून गुंडाळणे बंद. गुंडाळलेले बाळ पालथे झाले तर त्याला परत फिरता येत नाही.

कापड कसे पारखावे

दुपटे आणि चादर घ्यायची तर सुती. भिवंडी हे यंत्रमागाचे गाव आपल्या शेजारी आहे, कल्याण आणि उल्हासनगरच्या बाजारांत सुती कापड मीटरवर मिळते. साधारण एक मीटर लांब-रुंद मलमलीचे किंवा मऊ होजिअरीचे तुकडे कडेला नीट दुमडून शिवले की उत्तम दुपटी होतात. घरात वापरून मऊ झालेली सुती ओढणी किंवा लुंगी असेल तर ती नव्या कापडापेक्षाही चांगली, कारण तिच्यातली खळ आणि कच्चा रंग धुवून गेलेला असतो. नवे कापड मात्र एकदोनदा धुवून, कडक उन्हात वाळवूनच बाळाला लावावे.

दुकानदार म्हणेल, ‘प्युअर कॉटन आहे, भाभी.’ खात्री करायची असेल तर कडेचा एक धागा काढून घरी चिमट्यात धरून जाळून पाहावा, अर्थात बाळापासून दूर. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचा येतो आणि मागे मऊ राख राहते. पॉलिएस्टरचा धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो. भेट म्हणून येणारी चमकदार, केसाळ ब्लँकेटे बहुतेक पॉलिएस्टरची असतात. ती घाम शोषत नाहीत. बाळ आत ओले होते आणि मग तोच ओलावा त्याला गार करतो. विस्तवाजवळ ती वितळून कातडीला चिकटतात, हा धोका निराळाच.

स्वस्त लोकरी ब्लँकेटांपैकी बरीच हरियाणातील पानिपतहून येतात. जुन्या कपड्यांचे धागे काढून नवी ब्लँकेटे विणण्याचा तिथला धंदा मोठा आहे. मोठ्या माणसाला ती उपयोगी पडतात, पण त्यांचा खरखरीतपणा आणि उडणारे तंतू बाळाच्या नाजूक त्वचेला आणि नाकाला नकोत. सोलापुरी चादर टिकाऊ खरी, पण बाळासाठी ती जड होते. हाताने विणलेला लोकरीचा स्वेटर सुती झबल्यावर चालतो, थेट अंगावर नको.

विकत घेताना आणखी थोडे पाहावे. झालर, गोंडे, टिकल्या, जर, मणी, बटणे असलेले काही नको. बाळाच्या हाती लागलेली प्रत्येक वस्तू तोंडात जाते. क्रोशाचे मोठ्या भोकांचे विणकाम दिसायला सुंदर, पण त्यात बाळाची बोटे अडकतात. आतला सुटा धागा बोटाला किंवा पायाच्या अंगठ्याला वेढा घालून रक्त अडवू शकतो. म्हणून मोजे आणि हातमोजे उलटे करून धागे कापावेत. ब्लँकेटची प्लास्टिक पिशवी त्याच दिवशी घरातून बाहेर काढावी. बाळाच्या गळ्यात काळा दोरा किंवा तावीज असेल तर झोपेच्या वेळी तरी तो काढून ठेवावा. झोपेत गळ्याभोवती कोणतीही दोरी नको, मग ती कोणत्याही श्रद्धेने बांधलेली असो.

आपल्याकडचे ऋतू

आपल्याकडे कडाक्याची थंडी थोडेच आठवडे टिकते. पुस्तकातले थंड देशांचे सल्ले वर्षभर पाळले तर बाळ उकडून निघेल. मार्च ते मेमध्ये पत्र्याच्या छपराखाली रात्रीही भिंती तापलेल्या असतात. अशा वेळी पातळ बिनबाह्यांचे झबले आणि लंगोट पुरे. पंखा चालू ठेवावा, झोत फक्त थेट तोंडावर नको. बाळंतिणीच्या खोलीत पंखा लावायचा नाही, असा दंडक काही घरांत असतो. मे महिन्यात तो आई आणि बाळ दोघांनाही त्रासाचा आहे.

पावसाळ्यात अडचण थंडीपेक्षा ओलीची. दुपटी दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि आंबूस वास येतो. ओलसर दुपटे बाळाला जाड ब्लँकेटच्या अभावापेक्षा जास्त गारठवते. म्हणून जूनमध्ये बाळ येणार असेल तर एक महागडे ब्लँकेट घेण्यापेक्षा दहा-बारा साधी दुपटी घ्यावीत आणि वापरण्याआधी त्यांच्यावर इस्त्री फिरवावी.

प्रवासाचेही पाहू. लोकलमध्ये गर्दीपासून आणि वाऱ्यापासून जपण्यासाठी आपण बाळाला दुपट्ट्यात किंवा बुरख्याच्या आत घेतो. पाजतानाही पडदा हवाच असतो. फक्त दर थोड्या वेळाने कापड उचलून बाळाचे नाक मोकळे आहे ना, हनुवटी छातीला टेकलेली नाही ना, हे पाहावे. रुग्णालयातून बाळाला घरी आणताना डोक्यापासून पायापर्यंत ब्लँकेटमध्ये बांधून दुचाकीवर आणणारे लोक आम्ही पाहतो. त्या गाठोड्यात बाळ कसे आहे, ते कोणालाच दिसत नाही. तेवढ्यापुरती रिक्षा करावी.

दादीची गोधडी

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. नानीने महिनोन् महिने बसून जुन्या साड्यांच्या थरांची गोधडी शिवलेली असते. तिच्यात घरातल्या किती जणींचे कपडे असतात. सून म्हणते, ‘डॉक्टर नको म्हणतात,’ आणि सासूबाई म्हणतात, ‘आमची सहा पोरे याच गोधडीत वाढली.’ दोघींचेही म्हणणे समजून घेण्यासारखे आहे, आणि भांडणाची गरजही नाही. गोधडीची जागा बदलली की झाले.

ती दिवसा, जागे असलेल्या बाळाच्या अंगाखाली अंथरावी. मांडीवर घेऊन बाळाला उन्हात बसवताना पायांवर घ्यावी. बाळ पालथे पडून मान उचलायला शिकते ते याच गोधडीवर. रात्री मात्र बाळ सपाट, घट्ट गादीवर, वर काहीही सैल नसताना झोपेल. सासूबाईंना हे सांगायचे तर नुसते ‘नाही’ म्हणून थांबू नये, एखादे काम त्यांच्या हाती सोपवावे. ‘अम्मी, तुमचा हात लागला की बाळ झोपते. रात्री उठाल तेव्हा त्याचे पोट आणि पाय तुम्हीच तपासत जा.’ ज्या आजीला रखवाली मिळते तिला रजईचा आग्रह धरावा लागत नाही. आणि गोधडी कुठे जात नाही. बाळ एक वर्षाचे झाले की तीच त्याची आवडती होईल.

रात्रीची खोली

एका खोलीत सहा माणसे झोपणाऱ्या घरात बाळाला वेगळा पाळणा कुठून आणायचा? पाळणा नको, वेगळी छोटी गादी पुरे. आईच्या गादीला लागून, हात पोहोचेल इतकी जवळ. मोठ्यांची रजई तिच्यावर येता कामा नये. बाळाला घेऊन सोफ्यावर डोळा लागणे फार धोक्याचे, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या अंथरुणात बाळ कधीही नको. साडीच्या झोळीत बाळ शांत होते, पण झोळीत अंग दुमडते आणि हनुवटी छातीवर येते. कोणी समोर बसलेले असेल तेवढा वेळ ठीक. डोळा लागला की सपाट गादीवर.

थंडीत शेक-शेगडीची आठवण होते. बंद खोलीत जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग असतो ना वास. तो झोपेतच माणसाला घेऊन जातो. झोपण्यापूर्वी घरातला विस्तव विझवावा, अशी प्रेषितांची (स.) शिकवण हदीसमध्ये आहे, आणि बाळंतिणीच्या खोलीला ती सगळ्यात आधी लागू होते. गरम पाण्याच्या पिशवीने अंथरूण आधी तापवून घ्यावे आणि बाळाला ठेवण्यापूर्वी पिशवी काढून घ्यावी.

पोट आणि पाय

बाळ गारठले की उकडले, हे ओळखायला आशाताई शिकवतात ती खूण प्रत्येक घराने शिकावी. हाताच्या मागच्या बाजूने आधी बाळाचे पोट, मग तळपाय तपासावेत. दोन्ही उबदार असतील तर बाळ मजेत आहे. पोट उबदार पण पाय गार असतील तर बाळाला थंडी बाधते आहे. कपडे कोरडे आहेत का पाहावे, एक थर वाढवावा, अंगावर पाजावे. पोट आणि पाय दोन्ही गार असतील तर तो धोक्याचा इशारा आहे. उलट मान घामाने ओली, चेहरा लाल, केस चिकट झालेले असतील तर एक थर काढावा.

गारठलेल्या बाळाला सगळ्यात चांगले पांघरूण म्हणजे आईची छाती. बाळाला फक्त लंगोट आणि टोपडे ठेवून आईच्या उघड्या छातीवर उभे धरायचे आणि वरून दोघांना गुंडाळायचे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा शहरात, काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली. आज कमी वजनाच्या बाळांसाठी जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करते. तिला कांगारू पद्धत म्हणतात. आई आजारी असेल तर हे काम वडील किंवा आजीही करू शकतात. मात्र आई अशा वेळी जागी असावी आणि बाळाचे नाक मोकळे असावे.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे काखेतले तापमान 35.5 अंशांपेक्षा खाली गेले किंवा 37.5 अंश झाले किंवा त्याच्याही वर गेले, ते दूध ओढेनासे झाले, हालचाल मंदावली किंवा श्वास भरभर चालू लागला, तर ब्लँकेट शोधत बसू नये. छातीशी धरूनच रुग्णालय गाठावे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात आजारी बाळावरचे उपचार आणि नेण्या-आणण्याची सोय एक वर्षापर्यंत मोफत आहे.

भेट काय द्यावी

ज्यांना अकीक्याला जायचे आहे, त्यांनी एका ब्लँकेटच्या पैशांत सहा मलमलीची दुपटी, दोन झबली, एक टोपडे आणि काखेत लावायचा डिजिटल थर्मामीटर द्यावा. दिसायला हे गाठोडे छोटे वाटेल, पण रोज लागेल. घरात आधीच चार ब्लँकेटे साठली असतील तर एखादे बाळाच्या पुढच्या वर्षासाठी ठेवावे. बाकीची पडून राहू देण्यापेक्षा स्टेशनबाहेर थंडीत झोपणाऱ्या कोणा मोठ्या माणसाला द्यावीत. त्याला ती खरोखर उबेची होतील आणि आपल्यावरचा इसराफचा दोष टळेल.

मूल ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. दुआ करावीच, पण आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर हवाला ठेवावा, हेही आपल्याला शिकवलेले आहे. तेव्हा आज रात्री दिवा घालवण्याआधी एकदा बाळाच्या अंथरुणाकडे पाहावे. उशी आणि लोड बाजूला, मोठ्यांची रजई दूर, बाळ पाठीवर, तोंड उघडे. मग पोटाला हात लावून पाहावा, पायांना हात लावून पाहावा, आणि बिस्मिल्लाह म्हणून झोपावे.